जमिनीने बुडवलेली जहाजे

काही महिन्यांपूर्वी मला एक विचित्र छंद जडला. अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत बुडालेल्या जहाजांविषयी जे जे वाचनात येई, त्यातील प्रत्येक जहाजाच्या शेवटच्या ठिकाणी मी जगाच्या एका मोठ्या नकाशावर पेन्सिलीने बारीकशी फुली मारत असे. सुरुवातीला यामागे काही शोधण्याचा हेतू नव्हता. वाचलेले लक्षात राहावे एवढेच मनात होते. पण तीसेक फुल्या झाल्यावर नकाशा जरा दूर धरून पाहिला आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग लागावी तशा सगळ्या फुल्या किनाऱ्यांना धरून होत्या, आणि ज्या अथांग निळाईची आपल्याला धास्ती वाटते ती जवळजवळ कोरी राहिली होती.

‘समुद्राने गिळले’, ‘जलसमाधी मिळाली’ असे आपण सहज लिहून जातो. त्या काळच्या दर्यावर्दी माणसाला मात्र भर समुद्रातील वादळापेक्षा वादळातला किनारा अधिक भयंकर वाटे, आणि त्याला तसेच कारण होते. खोल पाण्यात तुफान आले तर शिडे उतरवावीत, सुकाणू बांधून टाकावे आणि वारा नेईल तिकडे दोन दिवस वाहत जावे, एवढा एक मार्ग तरी शिल्लक असे. त्यासाठी मोकळी जागा मात्र लागते. वारा जमिनीकडे वाहत असेल, तर आडव्या डोलकाठ्यांवर चौकोनी शिडे लावलेल्या त्या जड जहाजांना वाऱ्याच्या तोंडावर फारसे चढता येत नसे. नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, समुद्राकडे असली तरी सबंध जहाज तिरके घसरत घसरत किनाऱ्याकडेच जाई. अशा वाऱ्याखालच्या किनाऱ्यापासून नांगर वाचवू शकला तर वाचवी, एरवी नाही.

त्यात भर म्हणजे किनारा नेमका कोठे आहे हेच पुष्कळदा ठाऊक नसे. सूर्य किंवा ध्रुवतारा दिसला तर त्याची उंची मोजून अक्षांश काढता येत होता. रेखांश काढण्याची खात्रीची रीत कोणापाशीच नव्हती. तो केवळ अंदाजाने मांडला जाई, आणि तो अंदाज कसा केला जाई हे जवळून पाहण्यासारखे आहे. जहाजाच्या मागच्या बाजूला तीन-चार जण उभे राहत. एकाने दोरीचे रीळ डोक्याच्या वर धरायचे, दुसऱ्याने अर्ध्या मिनिटाचे वाळूचे घड्याळ हातात घ्यायचे, आणि तिसऱ्याने दोरीच्या टोकाला बांधलेली, खालच्या कडेला शिसे भरलेली लाकडी फळी पाण्यात सोडायची. फळी पाण्यात जागच्या जागी उभी राहते, जहाज पुढे जाते आणि रिळावरची दोरी सरसरत सुटते. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी हातातून जातील तितका वेग. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींमध्ये, सांगितला जातो तो यामुळेच. दोरी ओली होऊन ताणली गेली, वाळूला दमट हवा लागली किंवा पाण्याखालचा प्रवाह सगळ्यांनाच, म्हणजे जहाजालाही आणि त्या फळीलाही, एकाच दिशेला ओढून नेत असला, तर नोंदवहीत जो आकडा चढे तो चुकीचा असे. ही चूक रोज थोडी थोडी साठत जाई आणि तीन आठवड्यांनी तिचा हिशेब खडकावर होई.

असा हिशेब सर्वांत मोठा झाला तो १७०७ मध्ये. फ्रान्समधील तूलाँ बंदराच्या अयशस्वी वेढ्यानंतर ॲडमिरल सर क्लाउड्सली शोव्हेल २१ जहाजांचा ताफा घेऊन सप्टेंबरअखेर जिब्राल्टरहून इंग्लंडकडे निघाला. वाटेत हवा इतकी खराब होती की सूर्य क्वचितच दिसला. २२ ऑक्टोबरला (ही इंग्लंडमधील तेव्हाची तारीख, उरलेल्या युरोपातील बहुतेक देशांची पंचांगे ११ दिवस पुढे होती) आपण ब्रिटनीजवळच्या उशांत बेटाच्या पश्चिमेला, म्हणजे इंग्लिश खाडीच्या तोंडाशी मोकळ्या पाण्यात आहोत, असे बहुतेक सुकाणूप्रमुखांचे मत पडले. प्रत्यक्षात ताफा कॉर्नवॉलच्या पलीकडील सिली बेटांच्या खडकांवर चालून जात होता. रात्री आठच्या सुमारास ९० तोफांचे ‘असोसिएशन’ हे शोव्हेलचे जहाज गिलस्टोन नावाच्या खडकाला लागले आणि जवळच्या जहाजावरील लोकांच्या डोळ्यांदेखत तीन-चार मिनिटांत नाहीसे झाले. त्यावरील सुमारे ८०० माणसांपैकी एकही वाचले नाही. ‘ईगल’ पूर्ण गेले, ‘रॉम्नी’वरचा एकच माणूस वाचला, ‘फायरब्रँड’वरचे थोडेसे किनाऱ्याला लागले. ‘सेंट जॉर्ज’ही त्याच खडकांवर आपटले होते, पण पुढच्याच लाटेने त्याला उचलून बाहेर काढले. एकाच लाटेचे हे दोन हिशेब वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो. त्या रात्री एकंदर १,४०० ते २,००० माणसे गेली असावीत असे मानतात.

या घटनेभोवती दंतकथांचे जाळे भरपूर आहे. सिलीच्याच एका खलाशाने आधी इशारा दिला आणि शोव्हेलने शिस्तभंग म्हणून त्याला फासावर चढवले, ही त्यातली सर्वांत लोकप्रिय कथा. तत्कालीन कागदपत्रांत तिला आधार मिळत नाही आणि ती बऱ्याच नंतर रचली गेली हे उघड दिसते. मला त्या कथेपेक्षा खरी हकीकत अधिक बोचते. मतमोजणीच्या वेळी ‘लेनॉक्स’ या जहाजाच्या सुकाणूप्रमुखाने आपण सिलीच्या जवळ आहोत असे वेगळे मत दिले होते, असे सांगितले जाते. आणि ते ‘लेनॉक्स’ तर दुसऱ्या दोन जहाजांबरोबर आधीच फालमथकडे पुढे पाठवले गेले. बरोबर असलेला माणूस असा बाजूला निघून गेला, कोणाचाही आकस नसताना.

सातच वर्षांनी, १७१४ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने रेखांश काढण्याची रीत शोधणाऱ्याला २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस देणारा कायदा केला, आणि तेव्हापासून सिलीचा अपघात म्हणजे रेखांशाचा बळी असे समीकरण रूढ झाले. मला ते अर्धवट वाटते. उशांत आणि सिली यांच्यात मुख्य अंतर आहे ते दक्षिणोत्तर, जवळजवळ दीड अंश अक्षांशाचे. वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या पुढे विसाव्या शतकात एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या अक्षांशांतही मोठी तफावत आढळली. शिवाय खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने १७०१ मध्येच छापून सांगितले होते की होकायंत्राची सुई आता पूर्वीपेक्षा पुष्कळ पश्चिमेकडे वळलेली आहे, त्यामुळे जुन्या सवयीने पूर्वेचा रोख धरणारी जहाजे नकळत उत्तरेकडे सरकतात आणि सिलीच्या उत्तरेला जाऊन पडतात. म्हणजे इशारा देणारा होता; तो जहाजावरचा खलाशी नव्हता आणि त्याला कोणी फासावर दिले नाही. त्याचे म्हणणे फक्त सर्वांपर्यंत पोहोचले नाही, किंवा पोहोचूनही सवयीपुढे टिकले नाही.

चार वर्षे मागे गेले तर आणखी विपरीत प्रकार दिसतो. १७०३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या दक्षिण भागावरून जे महावादळ गेले, त्यात बुडालेल्या कित्येक जहाजांना आपण कोठे आहोत हे अगदी नेमके ठाऊक होते. ती केंटमधील डील गावासमोर, डाउन्स नावाच्या पाण्यात, नांगर टाकून उभी होती. पूर्वेला गुडविन सँड्स हे मैलोगणती पसरलेले वाळूचे दांडे भर समुद्राच्या लाटा अडवतात आणि पश्चिमेला किनारा आहे, म्हणून ही जागा निर्धास्त समजली जात असे. २६ नोव्हेंबरच्या रात्री नैर्ऋत्येच्या वाऱ्याने नांगर फरफटले, दोर तुटले, आणि ज्या वाळूच्या आडोशाला जहाजे उभी होती तिच्यावरच ती जाऊन आदळली. ‘नॉर्दम्बरलँड’, ‘रेस्टोरेशन’, ‘स्टर्लिंग कॅसल’ आणि ‘मेरी’ या चार युद्धनौका तेथे गेल्या आणि त्यांच्याबरोबर हजारावर खलाशी. ‘मेरी’वरील फक्त थॉमस ॲटकिन्स वाचला, आणि तोही कसा, तर एका लाटेने त्याला आपल्या जहाजावरून उचलून ‘स्टर्लिंग कॅसल’वर फेकले आणि ते बुडताना दुसऱ्या लाटेने एका होडीत टाकले.

गुडविनची वाळू ओहोटीला इतकी कडक होते की तिच्यावरून चालता येते. भरती चढू लागली की तीच वाळू पातळ होऊन पायाखालून सरकते. डॅनियल डिफोने पुढच्याच वर्षी या वादळावर पुस्तक छापले, त्यात हे दृश्य आहे: सकाळी ओहोटीच्या वेळी जहाजांतून निसटलेली माणसे त्या वाळूवर इकडून तिकडे धावत हातवारे करीत होती, काठावरून दुर्बिणीने ती दिसत होती, आणि भरती यायला किती वेळ आहे हे दोन्हीकडच्यांना माहीत होते. डीलच्या नावाड्यांनी माणसांपेक्षा तरंगते सामान गोळा करणे पसंत केले, असा आरोप डिफो करतो. त्याच्याच म्हणण्याप्रमाणे गावच्या महापौराने वाचवलेल्या प्रत्येक माणसामागे पाच शिलिंग कबूल करून होड्या पाठवल्या आणि दोनशेवर जीव काढले. गावाला हा आरोप अर्थातच मान्य नव्हता. डिफो बातमी रंगवून सांगणाऱ्यांपैकी होता, तेव्हा दोन्ही गोष्टी जरा हात राखूनच घ्याव्यात. पण भरती-ओहोटीचा तो हिशेब त्याला रंगवावा लागला नसेल.

त्याच रात्री प्लिमथजवळच्या एडीस्टोन खडकावरचा दीपगृहाचा मनोरा, त्यात दुरुस्तीसाठी थांबलेल्या हेन्री विन्स्टॅन्ली या त्याच्या कर्त्यासकट, वाहून गेला. हा मनोरा १६९८ पासून उजळत होता. तो विझल्यानंतर थोड्याच दिवसांत ‘विंचल्सी’ नावाचे व्यापारी जहाज त्याच खडकावर फुटले.

जमीन आणि मोकळी जागा यांतील फरक एका घटनेतच तपासायचा असेल, तर १७१५ चा स्पॅनिश खजिन्याचा ताफा पाहावा. स्पेनच्या गादीसाठी झालेल्या वारसायुद्धाने स्पेनचा खजिना रिकामा झाला होता, राजा पाचवा फिलिप पैशासाठी अडून बसला होता, आणि अमेरिकेतली चांदी तिकडेच तुंबलेली होती. म्हणून उबिया आणि एचेवेर्स या दोन सेनापतींचा ताफा क्यूबातील हवानाहून २४ जुलैला, म्हणजे चक्रीवादळांच्या ऐन दिवसांत, निघाला. अकरा जहाजे स्पॅनिश, आणि सोबत ‘ग्रिफॉन’ हे एक फ्रेंच. फ्लोरिडाचा किनारा डाव्या हाताला आणि बहामाचे उथळ पाणी उजव्या हाताला, अशा चिंचोळ्या वाटेने गल्फ स्ट्रीमच्या ओढीवर उत्तरेला जायचे. ३० जुलैच्या रात्री पूर्वेकडून चक्रीवादळ आले आणि अकराच्या अकरा स्पॅनिश जहाजे फ्लोरिडाच्या उथळ दांड्यांवर चिरडली गेली. उबियासह हजाराच्या आसपास माणसे मेली. ‘ग्रिफॉन’ मात्र सुखरूप फ्रान्सला पोहोचले, कारण त्याच्या कप्तानाने ताफ्यापेक्षा किंचित अधिक ईशान्येचा रोख धरून किनाऱ्यापासून अंतर ठेवले होते असे सांगतात. वादळ तेच, रात्र तीच. फरक काही मैल पाण्याचा.

वाचलेल्यांनी किनाऱ्यावर तळ ठोकला आणि पाणबुड्यांकडून चांदी काढायला सुरुवात केली. ही बातमी जमैकापर्यंत गेली, आणि हेन्री जेनिंग्ज याने तीनेकशे माणसांनिशी त्या तळावर धाड घालून काढलेली चांदी लुटून नेली. कॅरिबियन समुद्रातील चाचेगिरीचा जो प्रसिद्ध काळ म्हणून ओळखला जातो, त्याची पुष्कळशी भरती या फुटलेल्या ताफ्याच्या वासाने झाली. त्यांतलाच एक सॅम्युएल बेलामी. त्याचे ‘व्हायडा’ १७१७ च्या एप्रिलमध्ये उत्तर अमेरिकेतील केप कॉडच्या वाळूवर उलटले, तेही काठापासून काहीशे मीटरवर, आणि त्यावरच्या सुमारे दीडशे माणसांपैकी दोघे वाचले.

माझ्या नकाशात एक खोट आहे, आणि ती सांगायलाच हवी. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाचा पुरावा राहतो, साक्षीदार राहतात. भर समुद्रात गेलेल्याचे काहीच उरत नाही, मग फुली मारायची कोठे? डच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘फोर्टाउन’ १७२४ मध्ये आणि ‘आख्टेकेर्के’ १७२६ मध्ये केप ऑफ गुड होपहून बटाव्हियाकडे (आजचे जकार्ता) निघाले आणि पुन्हा कोणाला दिसले नाही. दोन्ही जहाजांची ती पहिलीच सफर होती. पण गंमत अशी की १७२७ च्या जूनमध्ये त्याच कंपनीचे ‘झेवाइक’ पश्चिम ऑस्ट्रेलियासमोरच्या आब्रोल्होस बेटांच्या प्रवाळखडकांवर चढले, आणि तेथे अडकलेल्या खलाशांना आपल्याही आधी फुटलेल्या एका डच जहाजाचे अवशेष आढळले. ते या दोहोंपैकी एकाचे असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणजे बेपत्ता जहाजेसुद्धा अखेरीस कोठल्या तरी खडकाशीच सापडतात.

हे खडक डचांच्या वाटेत यावेत यालाही कारण होते. केपहून थेट पूर्वेला जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर हजारो मैल जायचे आणि योग्य ठिकाणी उत्तरेला वळून जावाकडे जायचे, असा कंपनीचा नियम होता. पण ‘योग्य ठिकाण’ म्हणजे रेखांश, आणि तो अंदाजपंचे. वळायला उशीर झाला की समोर ऑस्ट्रेलिया. १७१२ मध्ये ‘झाउतडॉर्प’ असेच त्या कड्यांवर गेले. केपपर्यंतच त्यावर शंभराहून अधिक माणसे रोगाने मेली होती. त्याचे काय झाले ते बटाव्हियात कोणालाही कधी कळले नाही. १९२७ मध्ये गुरे राखणाऱ्या एका माणसाला कड्याखाली काही वस्तू दिसल्या; नंतर खडकांत १७११ सालच्या, मिडलबर्गच्या टांकसाळीतल्या चांदीच्या नाण्यांचे ढीग मिळाले आणि त्यावरून जहाज ओळखले गेले. कड्याच्या माथ्यावर फुटलेल्या बाटल्या व जळक्या खुणा आहेत. काही लोक वर चढले होते. बहुधा त्यांनी समुद्राकडे पाहत आग पेटती ठेवली असावी.

या सगळ्याला अपवाद ठरणारी एक मोठी फुली आहे: १७०८ मध्ये कार्ताहेनासमोर इंग्रजांशी लढताना स्फोट होऊन बुडालेले ‘सान होसे’. आज त्याच्या सोन्यावरून जे वाद चालले आहेत, त्यामुळे सर्वांत जास्त लिहिले जाते तेही त्याच्याविषयीच. मी त्यावर येथे वेळ घालवणार नाही.

जिच्यावर पेन्सिल टेकवताना हात अडला ती फुली दुसरीच होती. ती सुरीनामच्या मारोवाइने नदीच्या मुखाशी आहे. डच वेस्ट इंडिया कंपनीचे ‘लेउस्डेन’ हे गुलामवाहू जहाज १ जानेवारी १७३८ रोजी तेथे एका वाळूच्या दांड्यावर रुतले आणि तळात पाणी भरू लागले. खलाशांनी तळघराची झाकणे खिळे ठोकून बंद केली. कैदी वर आले तर होड्यांसाठी झुंबड उडेल, ही भीती. खाली कोंडलेली ६६४ आफ्रिकी माणसे गुदमरून आणि बुडून मेली. खलाशी किनाऱ्यावर पोहोचले, आणि येताना जहाजावरची सोन्याची पेटीही त्यांनी वाचवून आणली. सिलीच्या बुडीतांची नावे हजेरीपटांत आहेत, शोव्हेलचे थडगे वेस्टमिन्स्टर ॲबेत आहे. या ६६४ जणांच्या नावांचा पट कोणी लिहिलाच नव्हता. येथे जमिनीला किंवा पाण्याला दोष देण्याची सोयच उरत नाही.

शेवटची फुली मदेइराजवळच्या पोर्तो सांतो बेटावर आहे. १७२४ च्या नोव्हेंबरात तेथे ‘स्लॉट टेर होगे’ हे डच ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज चांदीच्या सुमारे १,५०० विटांसह कड्याखाली फुटले. ती चांदी काढण्यासाठी कंपनीने डेव्हनमधल्या जॉन लेथब्रिजला बोलावले. हा मूळचा लोकरीचा व्यापारी. घरात लेकुरवाळा पसारा मोठा आणि धंदा बसलेला. त्याने प्रथम जमिनीवरच एका पिंपात स्वतःला बंद करून घेतले आणि बाहेरच्या हवेवाचून अर्धा तास काढून पाहिला. मग बागेच्या टोकाशी, विहिरीजवळ चर खणून त्यात पाणी सोडले आणि तोच प्रयोग पाण्याखाली केला. शेवटी सहा फूट लांबीचे, आतून-बाहेरून लोखंडी कड्या घातलेले लाकडी पिंप तयार झाले. डोक्याकडे अडीच फूट रुंद, पायाकडे दीड फूट. हात बाहेर काढायला दोन भोके, त्यांना तेल पाजलेल्या चामड्याच्या बाह्या. आणि पाहायला चार इंच व्यासाची, सव्वा इंच जाड काच. त्यात पालथे पडायचे, झाकण आवळून घ्यायचे आणि दोरखंडाने खाली सोडायचे. नळीवाटे हवा नाही. आत जेवढी कोंडली तेवढीच. ती संपत आली की वर यायचे, भात्याने नवी हवा भरून घ्यायची आणि पुन्हा खाली. दहा वाव खोल आपण शेकडो वेळा गेलो, बारा वावांवर मात्र फार त्रास झाला, असे त्यानेच नंतर लिहिले आहे. बारा वाव म्हणजे ७२ फूट. उघड्या दंडांवर तेवढ्या पाण्याचा दाब, आणि पोट लाकडावर.

पहिल्याच वर्षी त्याने ३४९ विटा काढल्या, आणि पुढेही काही मोसम तो तेथे जात राहिला. या कामगिरीची आठवण म्हणून एका चषकावर त्या खाडीचा नकाशा आणि ते पिंप कोरून घेतलेले होते. अडीचशे वर्षांनी, १९७४ मध्ये, बेल्जियन पाणबुड्या रॉबेर स्तेनुई त्या चषकावरच्या चित्राचा माग धरून पोर्तो सांतोला गेला. कड्याच्या रेषा चित्रातल्याशी जुळल्या, तेथे त्याने बुडी मारली, आणि लेथब्रिजच्या हातून सुटलेल्या काही विटा त्याला खाली वाळूत मिळाल्या.